छोट्या विमानतळाचा फोम आणि गावाच्या विहिरी: पैसा नेमका कुठे अडतो

प्रश्न असा आहे: अमेरिकेत छोट्या प्रादेशिक विमानतळांना फेडरल सरकारकडून दरवर्षी अनुदान मिळते. मग अग्निशमन फोममुळे आसपासच्या विहिरींत पीएफएएस (फोममधली फ्लोरिनयुक्त रसायने) उतरले की खर्च नगरपालिकेच्या किंवा काउंटीच्या गळ्यात का पडतो? आणि फ्लोरिनमुक्त फोम आणला की विषय मिटतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे: नाही. फोम बदलला की पुढची गळती थांबते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जमिनीत मुरलेले तिथेच राहते आणि भूजलाबरोबर पुढे सरकत राहते. पहिल्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर लागेल, कारण त्यात वेगवेगळे कायदे आणि तीन वेगवेगळे खिसे आहेत, आणि नगर परिषदेच्या सभेत ते नेहमी एकत्र कालवले जातात.

मूळ गोष्ट अशी. ज्या फोमबद्दल आपण बोलतोय तो, म्हणजे एएफएफएफ, 1960 च्या दशकात अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा आणि थ्रीएम ही रसायन कंपनी यांनी मिळून तयार केला. जळत्या इंधनावर तो पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवतो, वाफ कोंडतो आणि आग काही सेकंदांत बसते. ही करामत त्यातल्या फ्लोरिनयुक्त रसायनांची, म्हणजे पीएफएएसची. कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात जवळपास तुटतच नाही, म्हणून ही रसायने पाण्यातून आणि रक्तातून सहजी जात नाहीत. आता प्रमाण पाहा. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, एप्रिल 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओएस आणि पीएफओए या दोन पीएफएएस रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरमागे 4 नॅनोग्रॅम ठरवली. या हिशेबाने एक ग्रॅम पीएफओएस 25 कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. जुन्या फोमचा एक डबा गटारात गेला तर काय होते, हे यावरून समजावे.

हा फोम विमानतळांनी हौसेने वापरलेला नाही, आणि राजकारणाचे मूळ इथे आहे. नियमित प्रवासी विमाने उतरणाऱ्या विमानतळाला एफएएचे, म्हणजे फेडरल विमान वाहतूक प्रशासनाचे, 'पार्ट 139' प्रमाणपत्र लागते. अग्निशमनाची तयारी किती हवी हे तिथे येणाऱ्या विमानाच्या लांबीवरून ठरते. 90 फुटांपेक्षा कमी लांबीची विमाने 'ए' वर्गात, 90 ते 126 फुटांची 'बी' वर्गात, आणि असे 'ई'पर्यंत. 'बी' वर्गाला एकाच गाडीवर भागवायचे असेल तर तिच्यात 1,500 गॅलन पाणी, 500 पौंड कोरडी रासायनिक पावडर आणि त्या प्रमाणात फोम लागतो. नियम असाही आहे की गाडीत जेवढे पाणी बंधनकारक, त्याच्या दुप्पट पाण्यात मिसळता येईल एवढा फोम हवा. 3 टक्क्यांचा फोम धरला तर 3,000 गॅलनचे 3 टक्के, म्हणजे 90 गॅलन, सुमारे 340 लिटर अर्क (पाण्यात मिसळायचा घट्ट फोम) एका गाडीत. शिवाय गोदामातला राखीव साठा. हा फोम नीट मिसळतो की नाही हे दाखवायला तो ठरावीक काळाने प्रत्यक्ष उडवून दाखवावा लागे, तोही बहुतेकदा मोकळ्या जमिनीवर. बऱ्याच ठिकाणी जमिनीत मुरलेल्या मालात अपघातांतल्या फोमपेक्षा या चाचण्यांचा आणि सरावांचाच वाटा मोठा असतो.

2018 मध्ये अमेरिकी काँग्रेसने एफएएच्या कायद्यात कलम 332 घातले: तीन वर्षांत फ्लोरिनयुक्त फोमची सक्ती थांबवा. ऑक्टोबर 2021 ला मुदत संपली. एफएएने सांगितले, दुसरा फोम वापरा, पण तो लष्करी मानकाइतका चांगला चालला पाहिजे. त्या मानकावर उतरणारा एकही फ्लोरिनमुक्त फोम तेव्हा नव्हता. म्हणजे कागदावर सक्ती उठली, प्रत्यक्षात राहिली. नवे मानक, एमआयएल-पीआरएफ-32725, संरक्षण खात्याने जानेवारी 2023 मध्ये काढले आणि त्यानंतर मंजूर फोमांची यादी बनायला लागली. दरम्यान राज्यांनी आपापले कायदे केले. वॉशिंग्टन राज्याने 2018 मध्येच पीएफएएस फोमने सराव करायला बंदी घातली आणि पुढे विक्रीवरही निर्बंध आणले, पण फेडरल नियमाने जिथे हा फोम लागतो तिथे सूट ठेवली. म्हणजे ज्या जागी तो सर्वांत जास्त वापरला जात होता, तीच जागा बराच काळ बाहेर राहिली. विमानतळ व्यवस्थापकांवर सरसकट आगपाखड करणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

आता पैशाकडे. छोट्या विमानतळाचा पहिला खिसा आणि मोठा आधार म्हणजे विमानतळ सुधारणा कार्यक्रम, एआयपी. तो विमान वाहतूक ट्रस्ट फंडातून येतो, आणि त्या फंडात देशांतर्गत तिकिटावरचा 7.5 टक्के कर, इंधन कर वगैरे जमा होतात. बरीच वर्षे ही रक्कम वर्षाला 335 कोटी डॉलर होती. 2024 च्या एफएए कायद्याने मंजूर मर्यादा 400 कोटींवर नेली. छोट्या विमानतळांच्या कामात फेडरल वाटा साधारण 90 टक्के असतो. ऐकायला भरघोस वाटते, पण हा पैसा भांडवली कामाचा आहे: धावपट्टी, टॅक्सीवे, दिवे, फायर स्टेशनची इमारत, क्रॅश फायर टेंडर. पगार, वीज, दुरुस्ती आणि वापरून संपणारा माल यात बसत नाही. विमानतळाबाहेरच्या घरातली विहीर तर नाहीच नाही.

दुसरा खिसा प्रवासी शुल्काचा. विमानात चढणाऱ्या प्रवाशामागे जास्तीत जास्त साडेचार डॉलर, आणि ही मर्यादा 2000 सालच्या कायद्यापासून हललेली नाही. वर्षाला लाखभर प्रवासी चढणाऱ्या विमानतळाला पूर्ण शुल्क लावले तरी साडेचार लाख डॉलरच्या आत मिळतात, आणि तेही मंजूर प्रकल्पांनाच लागतात. तिसरा खिसा स्वतःच्या उत्पन्नाचा: उतरण्याचे शुल्क, पार्किंग, हँगरची भाडी. उतरण्याचे शुल्क वाढवले की रोजची तीन उड्डाणे करणारी कंपनी दोनवर येते किंवा सोडूनच जाते. म्हणून व्यवस्थापक त्याला हात लावायला घाबरतो, आणि नगरसेवकही, कारण "विमानसेवा गेली" हे निवडणुकीत पीएफएएसपेक्षा जास्त दुखते. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने विमानतळांना पाच वर्षांत 2,500 कोटी डॉलर दिले, पण तेही टर्मिनल, टॉवर आणि धावपट्टीसाठी.

2022 च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने एक छोटा पण खरोखर उपयोगी कायदा केला: फोम न उडवता चाचणी घेणाऱ्या यंत्रांचा पूर्ण खर्च एआयपीतून मिळू लागला. 2019 पासूनच एफएए अशी चाचणी मान्य करत होती. अजूनही कुठे फोम उडवून चाचणी होत असेल तर त्याला सबब उरलेली नाही. 2024 च्या एफएए कायद्यात फोम बदलण्यासाठी 35 कोटी डॉलरची वेगळी तरतूद आली. इथे सावध राहा. अधिकृत करणे आणि अर्थसंकल्पात प्रत्यक्ष पैसे ठेवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रतिनिधी पत्रकार परिषदेत पहिल्या पायरीचे श्रेय घेतात. विमानतळाच्या खात्यात पैसे दुसऱ्या पायरीनंतरच येतात. सभेत "मंजूर झाले" असे कोणी म्हटले तर एवढेच विचारा: कुठल्या आर्थिक वर्षाच्या विनियोगात, आणि अनुदानाच्या करारावर सही झाली का?

विहिरींचा खर्च यातल्या कुठल्याच खिशात का बसत नाही, हे विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या उदाहरणाने कळेल. विमानतळ ला क्रॉस शहराच्या मालकीचा, पण तो फ्रेंच आयलंडवर आहे, जिथे कॅम्पबेल नावाचे वेगळे टाउन वसले आहे. लोकांच्या खासगी विहिरी आहेत. विहिरींत पीएफएएस सापडल्यावर 2021 पासून राज्य सरकार तिथे बाटलीबंद पाणी पुरवू लागले. ज्यांचे पाणी बिघडले ते विमानतळाच्या मालकाला मत देत नाहीत, आणि जे मत देतात त्यांच्या नळाला दुसऱ्याच विहिरींचे पाणी येते. ईपीएची 4 नॅनोग्रॅमची मर्यादाही सार्वजनिक पाणीयोजनांना लागू आहे, खासगी विहिरींना नाही. मोठ्या कंपन्यांबरोबरच्या तडजोडी, 2023 मधली थ्रीएमची 1,030 कोटी डॉलरची धरून, सार्वजनिक पाणीपुरवठादारांसाठी होत्या. खासगी विहीर असलेले घर या सगळ्या चौकटींच्या बाहेर पडते. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

त्याच राज्यात 2023 च्या अर्थसंकल्पात पीएफएएससाठी साडेबारा कोटी डॉलर बाजूला काढले गेले. पैसे ठेवले, पण खर्च करण्याची मुभा देणारा कायदा अडला. विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमताला "निर्दोष जमीनमालकांना" कारवाईतून संरक्षण हवे होते; गव्हर्नर एव्हर्स यांचे म्हणणे होते की त्या शब्दरचनेने प्रदूषण करणारेही सुटतील, आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला. दोन्ही बाजूंना पैसा द्यायचाच होता. वाद रकमेवर नव्हता, दायित्वाच्या व्याख्येवर होता. या विषयातले बहुतेक वाद असेच अडतात, म्हणून विधेयक वाचताना रकमेआधी व्याख्यांचे कलम उघडा.

दायित्वाचा फेडरल भाग असा: जुलै 2024 पासून पीएफओए आणि पीएफओएस ही सुपरफंड कायद्याखाली (प्रदूषित जागेच्या सफाईचा खर्च जबाबदारांकडून वसूल करणारा कायदा) घातक द्रव्ये आहेत. त्याच वेळी ईपीएने जाहीर केले की सार्वजनिक मालकीचे विमानतळ आणि स्थानिक अग्निशमन दले यांच्या मागे लागण्याचा तिचा इरादा नाही. ही फक्त ईपीएची भूमिका आहे, कायद्यातली सूट नव्हे. शेजारची कंपनी किंवा दुसरा जबाबदार पक्ष विमानतळाकडून वाटा मागायला न्यायालयात जाऊ शकतो. त्यामुळे "आम्हाला सूट आहे" असे वकिलाशिवाय कोणी म्हणू नये.

आता फोम बदलण्याचे प्रत्यक्ष काम. सभेत ते एका ओळीत मंजूर होते आणि गॅरेजमध्ये तिथेच चुका होतात. गाडीतला जुना फोम काढून नवा ओतणे म्हणजे बदल नव्हे. पीएफएएसचे रेणू टाकीच्या, नळ्यांच्या आणि सीलच्या पृष्ठभागावर थर करून चिकटून बसतात. साध्या पाण्याने तीनदा धुतले की लगेच घेतलेला नमुना छान येतो, आणि नवा फोम आठवडाभर राहिला की आकडा पुन्हा चढतो. म्हणून धुतल्यावर टाकी भरून काही दिवस तशीच ठेवून मग नमुना घ्यावा. फोमची टाकी, अर्काचा पंप, प्रमाण मिसळणारा वॉल्व्ह, टरेट (गाडीवरची फोम मारणारी फिरती तोफ), बंपर टरेट, हातनळीची रीळ, नळ्यांचे खालचे कोपरे जिथे पाणी साचते: सगळे सुटे करून धुवायचे. रबरी सील आणि जुन्या हातनळ्या धुण्यापेक्षा बदललेल्या बऱ्या. 90 गॅलनची टाकी तीनदा भरून रिकामी केली तर नुसते टाकीचे 270 गॅलन धुवण जमते, त्यात नळ्यांचे वेगळे. हे सगळे पाणी पीएफएएसयुक्त कचरा आहे. ते गॅरेजच्या गटारात गेले तर सांडपाणी केंद्राच्या गाळातून शेतात पोचेल.

गाडी किती स्वच्छ झाली म्हणजे पुरे, हा आकडा कंत्राटात तुम्हीच लिहायचा असतो. तो लिहिला नाही तर कंत्राटदार "तीनदा धुतले" म्हणून बिल लावतो. कंत्राटात हे असावे: शेवटच्या धुवणाची मर्यादा, दिवस थांबून घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याची मर्यादा, कुठल्या पद्धतीने तपासणी (पिण्याच्या पाण्याखेरीज इतर नमुन्यांसाठी ईपीएची पद्धत 1633, जी 40 संयुगे मोजते), आणि धुवणाची विल्हेवाट कोणाच्या नावावर. पद्धत 1633 ठरावीक यादीच मोजते. जुन्या फोममध्ये अशीही रसायने असतात जी आज यादीत दिसत नाहीत आणि जमिनीत ऑक्सिडीकरण होऊन पुढे पीएफओएस, पीएफओए बनतात. म्हणून निदान काही नमुन्यांवर एकूण ऑक्सिडीकरणक्षम पूर्वरूपांची चाचणी, जिला टॉप असे म्हणतात, करून घ्यावी.

नवा फोम पापुद्रा करत नाही. तो बुडबुड्यांच्या जाड थराने इंधन झाकतो. त्यामुळे टरेटचा झोत थेट इंधनात घुसवला तर थर फाटतो आणि आग पुन्हा उसळते; झोत पुढच्या जमिनीवर किंवा विमानाच्या अंगावर मारून फोम अलगद वाहू द्यावा लागतो. जवानांचा जुना हात बदलायला सराव लागतो, आणि सरावाचे तास हा चालू खर्च आहे, एआयपीत न बसणारा. अर्क जास्त घट्ट असतो, थंडीत आणखी घट्ट होतो, म्हणून प्रमाण मिसळणी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. दोन कंपन्यांचे फ्लोरिनमुक्त अर्क एका टाकीत मिसळू नयेत; गाठी होऊन नळी तुंबते. शेजारच्या दलाबरोबर मदतीचा करार असेल तर दोघांनी एकाच मालावर एकमत करणे शहाणपणाचे. टाकी फार जुनी असेल तर धुण्याच्या खर्चाची नव्या गाडीशी तुलना करा. नव्या गाडीला दहा लाख डॉलरच्या आसपास लागतात, पण तिला 90 टक्के अनुदान मिळू शकते आणि धुण्याला मिळेलच असे नाही. हिशेब स्थानिक खिशातून किती जाते यावर करा, एकूण आकड्यावर नको.

हँगर विसरले जातात. मोठ्या हँगरच्या छतात फोमची यंत्रणा असते आणि ती चुकून सुटली की काही मिनिटांत हजारो गॅलन द्रावण बाहेर येते. हँगर भाडेकरूचा, जमीन विमानतळाची. भाडेकरार नव्याने होताना त्यात फोमचा प्रकार, गळती झाल्यास खर्च कोणाचा, निचऱ्याचा वॉल्व्ह कोण बंद करणार, हे लिहून घ्या.

प्रदूषण शोधताना पहिले आठवडे कागदांवर घालवा. फोम खरेदीची बिले, सरावाच्या नोंदी, 1970-80 च्या दशकांतली हवाई छायाचित्रे (जुने सरावाचे खड्डे त्यात काळे गोल दिसतात), अपघातांच्या जागा, पावसाळी गटारांचे नकाशे. त्यासोबत जुन्या विमा पॉलिसी. 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर विमा कंपन्यांनी प्रदूषणाला सरसकट वगळले, पण त्याआधीच्या सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसी आजही दाव्याला लागू पडू शकतात. शहराच्या तळघरातली ती फाइल कधी कधी कुठल्याही अनुदानापेक्षा मोलाची ठरते. एअर नॅशनल गार्डची (लष्कराच्या राखीव हवाई दलाची) तुकडी त्याच विमानतळावर असेल तर तिच्या सरावाच्या जागा वेगळ्या दाखवा, कारण तो भाग संरक्षण खात्याच्या खर्चाचा विषय आहे.

नमुने घेताना टेफ्लॉनचा टेप, जलरोधक जॅकेट, काही सनस्क्रीन टाळा, कारण त्यांतच पीएफएएस असू शकते. बाटली एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची. प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना (पीएफएएस नसलेल्या पाण्याचा, तुलनेसाठी) सोबत. विहिरी आधी, विमानतळाची माती नंतर. बरेच विमानतळ उलट करतात, कारण आपल्या कुंपणातले काम सोपे आणि बातमी होत नाही. पण मुले पाणी कुंपणाबाहेर पितात.

आणि निकाल दडवू नका. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या भूजलात 2017 मध्येच पीएफएएस सापडले होते. राज्याच्या पर्यावरण खात्याला ते कळले 2023 मध्ये. मधल्या वर्षांत विमानतळाच्या परिसरातली, वेस्ट प्लेन्समधली घरे आपल्या विहिरींवरच होती. 2024 मध्ये राज्याने अंमलबजावणीचा आदेश काढला. आधी सांगितले असते तरी सफाईचा खर्च आलाच असता, पण लोकांना तेवढी वर्षे आधी फिल्टर लावता आले असते.

विहिरीतले पीएफएएस मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर पाणी उकळून काही होत नाही. तातडीने बाटलीबंद पाणी, मग सिंकखाली रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा पीएफएएससाठी प्रमाणित कार्बन फिल्टर. पूर्ण घरासाठी दोन कार्बन टाक्या ओळीने लावाव्यात आणि नमुना दोन्हींच्या मधून घ्यावा: पहिली टाकी संपली की तिथे दिसते आणि दुसरी अजून राखते. छोट्या साखळीची (कमी कार्बन अणूंची) पीएफएएस संयुगे कार्बनमधून लवकर निसटतात, म्हणून फक्त पीएफओएस पाहून टाकी चांगली आहे असे ठरवू नये. टाकी कोण बदलणार, किती वर्षे आणि घर विकले तर करार नव्या मालकाला लागू राहणार का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. कायमचा उपाय बहुतेक ठिकाणी नळयोजनेचा विस्तार हाच असतो.

बांधकामाच्या बाबतीत एक इशारा. एआयपीच्या पैशाने टॅक्सीवेचे काम सुरू होते, खोदताना पीएफएएसची माती निघते, खड्ड्यातले पाणी उपसायचे तर गटारात सोडता येत नाही, आणि काम बंद पडते. निविदेआधी मातीचे नमुने घ्या, दूषित मातीसाठी घनयार्डाचा वेगळा दर निविदेतच मागा. नाहीतर तो दर नंतर कंत्राटदार ठरवेल. जुना काँक्रीटचा सरावाचा ओटा तोडून त्याचा चुरा भरावात वापरू नका. काँक्रीट फोम शोषून ठेवते आणि पावसागणिक सोडते.

शेवटी राहिलेला जुना अर्क. तो छोट्या गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला भेट देण्याचा मोह होतो, तो आवरा. तुमचा प्रश्न त्यांच्या विहिरीत जाईल. जाळण्याबद्दल वाद आहे, आणि संरक्षण खात्याने 2022 मध्ये आपल्या फोमचे ज्वलन थांबवले होते. घातक कचऱ्याची अस्तर घातलेली भराव-भूमी (लँडफिल), कचऱ्यासाठीच खोदलेल्या खोल विहिरीत सोडणे, किंवा उच्च दाब-तापमानाच्या पाण्यात ऑक्सिडीकरण, हे पर्याय तपासा. कोणताही निवडा, पण गोदामातून निघालेल्या प्रत्येक पिंपाचा क्रमांक, वजन आणि अंतिम विल्हेवाटीचा दाखला नगर परिषदेच्या फाइलमध्ये आल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल काढू नका.